चार खुंट्या

रंगुबाई: ते मला गाडीतच कळलं. भाऊसो कंडक्टरनं सांगितलं, बाई गेल्या म्हनून. पुसेसावळीपतूर रडले. मग डोळं पुसलं.

मी: मग कराडलाच उतरायचं. इथं मलकापूरच्या फाट्यावर कशाला उतरलात?

रंगुबाई: पाचवं पत्र ऱ्हायलंय न्हवं.

मी: कसलं पत्र?

रंगुबाई: आमच्या मालकास्नी. मुंबईला. चार गेली, एक ऱ्हायलं. बाईंनी सांगितल्यालं, पाचवं जत्रंच्या आधी पोचलंच पायजे. बारा दिवसांवर आली जत्रा. तुमीच ना गाड्यांचं सायेब?

मी: मी गंगाधर. कराड डेपोला वाहतूक नियंत्रक आहे. आज सुट्टी आहे म्हणून सापडलो. आत या. आमची ही, पद्मा, तुमची पत्रं लिहायची?

रंगुबाई: माजी, आमच्या धोंडुबाईची, अजून चार-पाच जनींची. आमचं गाव दहिवडीच्या पुढं. समद्यांची मानसं मुंबैला. घोंगडी घेऊन बाजारला आलो की आधी हितं, मग बाजार. अकरा वर्सं झाली.

मी: अकरा वर्षं. या घरात.

रंगुबाई: हितंच. त्या कपाटाच्या मागं चटई उभी हाय, बगा. तीच आमची.

मी: मी कधी तुम्हाला पाहिलं नाही.

रंगुबाई: कसं बगनार? दोनला तुमची ड्युटी सुटायची, अडीचला तुमी दारात. दोन वाजलं की बाई चटई गुंडाळायच्या आन् आमी फाट्यावर चिंचंखाली जाऊन बसायचो. तुमी आमच्या म्होरनंच सायकलवर जायाचा. आमी म्हनायचो, निघालं बगा सायेब, मान ताठ, घड्याळाकडं बगत.

मी: पण पत्रं लिहिणं काही चोरी नव्हती. लपवायचं काय त्यात?

रंगुबाई: आता मी कसं सांगू.

मी: सांगा.

रंगुबाई: तुमी बोल्ला व्हता म्हनं कवातरी. घराचा स्टँड करू नगंस, असं.

मी: बोललो होतो. शहाऐंशी साली. दारात चपलांचा ढीग होता. मी दिवसभर माईकवर गाड्या पुकारून आलो होतो, डोकं उठलं होतं. एकदाच बोललो.

रंगुबाई: बाई हसूनच सांगायच्या ते. राग न्हवता. म्हनायच्या, त्यांचं बी खरं हाय, दिवसभर लोकं बगतात.

मी: चहा घ्या. साखरेचा अंदाज मला अजून येत नाही.

रंगुबाई: ग्वाड मिट्ट हाय. चालतंय. पत्रांची पिशवी काढा, म्हंजे बाईंनी काय लिवून ठेवलंय का कळंल.

मी: कुठली पिशवी?

रंगुबाई: सैपाकघराच्या दारामागं चार खुंट्या न्हाईत का? चार पिशव्या. हिरवी पत्रांची.

मी: त्या? मी समजत होतो डाळी-कडधान्यं आहेत. हात लावला नाही. मुलगी अश्लेषा पुण्याला असते, ती म्हणतेय रविवारी येऊन सगळं आवरते, तुम्ही चला माझ्याकडे. मी तिला म्हटलं, खुंट्यांवरचं वाटून टाक कुणाला तरी.

रंगुबाई: बरं झालं, मी आज आले. लाल पिशवी रेडूची. निळी पेपराची. हिरवी आमची.

मी: रेडिओचं मला माहीत होतं. सांगली केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमात तिचं लिहिलेलं वाचून दाखवायचे. पेपरचंही माहीत होतं, दर गुरुवारी पुरवणीत असायचं. मी म्हणायचो, बरं आहे, रिकामा वेळ जातो.

रंगुबाई: रिकामा?

मी: असं म्हणायचो खरं.

रंगुबाई: सायेब, तुमी रागवू नगा. बाईंचा येळ कवा रिकामा बगितला तुमी? या हितं. ह्यो ओटा. बाजारच्या दिवशी रेडूचं आमी आल्यावर, हितं, उभ्यानं. भाकरी थापत थापत मोठ्यांदा म्हनायच्या. रेडूचं धा मिन्टाचं लागतंय म्हनं. एक भाकरी दोन मिन्टांची. पाचवी भाकरी तव्यावरनं उतरली आन् भाषण बी संपलं, तर बरूबर. सहावी थापाय लागली तर कापायचं. चवथीतच संपलं तर काय तरी घालायचं. मग खाली बसून उतरून काढायच्या.

मी: थांबा. पाच भाकऱ्या?

रंगुबाई: व्हय. म्हाताऱ्या मानसाला कळंल असं हाय का, ते आमाला इचारायच्या. एकदा मी म्हटलं, कळलं न्हाई. परत पयल्यापासनं म्हटलं त्यांनी. परत पाच भाकरी.

मी: काही दिवशी डब्यात दहा-दहा भाकऱ्या असायच्या. माणसं आम्ही दोन. मी म्हणायचो, तुला अंदाज कसा नाही इतक्या वर्षांत. ती म्हणायची, आज काही जमलं नाही बघा.

रंगुबाई: भाषण जमलं न्हाई म्हनत असतील.

मी: मी भाकरीच समजत होतो.

रंगुबाई: वरच्या भाकऱ्या आमी न्ह्यायचो बांधून. चांगल्या असायच्या. ते टेबल खिडकीपाशी, ते पेपराचं. तिथं बसल्या की कुनी बोलायचं न्हाई. मी एकदा बोलले, तर नुसतं बोट वर केलं. चटई आमची. पत्र लिवताना खाली बसायच्या, आमच्या गुडघ्याला गुडघा लावून.

मी: जागा वेगवेगळ्या कशाला? टेबल होतं की चांगलं.

रंगुबाई: मी बी इचारलं व्हतं. म्हनल्या, जागा बदलली की डोकं बदलतं. एकाच जागी बसून समदं लिवाय गेलं तर पत्रात रेडू घुसतो आन् पेपरात रंगुबाई. एक पिशवी खुंटीवरनं काढायची, काम झालं की परत अडकवायची, मगच दुसरी. दोन पिशव्या एका टायमाला खाली कवाच न्हाईत. हातातलं अर्धं असलं तरी अडकवायच्या.

मी: आणि वेळ कशी कळायची? स्वयंपाकघरात घड्याळ नाही. बाहेरच्या खोलीत आहे, ते सात मिनिटं पुढं.

रंगुबाई: घड्याळ कशाला? तुमच्या गाड्या हायत की, बाईंनीच सांगितल्यालं. हायवे हितनं दोनशे पावलांवर. ढेबेवाडीची फाट्याला वळताना गेर बदलती, ते ऐकाय आलं की पानी भरायचं थांबवायच्या. कोल्हापूरची थांबत न्हाई, नुसती घुं करून जाती, तवा ओट्याला. साडेनवाची इस्लामपूर गेली की चौथी पिशवी. आन् आमची दहिवडी-सांगली यायच्या आत पाकीट तयार. पाकीट घेऊन फाट्याला यायच्या, भाऊसोच्या हातात द्यायच्या. सांगली स्टँडावर रेडूचा आन् पेपराचा मानूस येऊन न्ह्यायचा. आमी उतरायचो, मग त्यांच्यासंगं चालत घरला.

मी: माझ्या गाडीतून जायचं पाकीट. माझ्याच डेपोच्या कंडक्टरच्या हातून.

रंगुबाई: समद्या डेपोला ठावं असंल.

मी: मला सोडून. मी एकशे बारा फेऱ्यांचं वेळापत्रक करतो, रंगुबाई. त्यातल्या प्रत्येक गाडीला ड्रायव्हर आहे, कंडक्टर आहे, लॉगशीट आहे, तरी रोज काहीतरी चुकतं. मला वाटायचं, वेळ काय असते ते या घरात मला एकट्याला कळतं. चौथी पिशवी कशाची?

रंगुबाई: पांढरी? ती ठावं न्हाई. तिची जागा तेवढी म्हाईत हाय. त्यो पिठाचा उंच डबा, त्याच्यावर पाट ठेवून, कोपऱ्यात उभं ऱ्हाऊन. आमी यायच्या आत बंद. कुनाला दावत न्हवत्या. आदी हिरवी बगा, सायेब. माजी गाडी सव्वातीनला हाय.

मी: हिरवीत तुमच्या नावाचं पाकीट आहे. आत चिठ्ठी आहे. 'रंगुबाई, धुळा यांस. पत्र पहिलं, राणीचं नाव काढायचं नाही. दुसरं, शेळ्या आणि पाऊसपाणी, शेवटी एक ओळ, राणीचा नंबर आला. तिसरं, सासूबाईंच्या औषधाची चिठ्ठी राणीनं वाचली, गोळी चुकायची टळली. चौथं, गावच्या नर्सबाई राणीला मदतीला बोलावतात.' धुळा तुमचे मालक, आणि राणी मुलगी?

रंगुबाई: व्हय. आता धावीला बसली. तिला नर्सबाईचा कोर्स करायचाय, साताऱ्याला. मालक जत्रंला यायचं हायत, ते त्यांच्या भनीच्या पोराला देनार तिला. जत्रंतच सुपारी फोडायचं म्हनत्यात. मी काय बोलले तर म्हननार, तुला काय कळतंय.

मी: मग राणीच का लिहीत नाही? दहावीपर्यंत शिकलीय.

रंगुबाई: पोरीच्या हातचं पत्र म्हंजे पोरीचं म्हननं. माजं म्हननं कसं व्हईल ते? आन् अजून एक हाय. मालकास्नी वाचाय येत न्हाई. गाळ्यात वीस जन ऱ्हात्यात, आमच्याकडचंच. नानासो म्हनून हाय, त्यो समद्यांच्या म्होरं मोठ्यांदा वाचतो. एका घरचं पत्र वीस जन ऐकत्यात. बाई म्हनायच्या, रंगुबाई, हे पत्र न्हाई, रेडूच हाय. वीस जनांत मानसाची मान खाली गेली तर त्यो न्हाईच म्हननार.

मी: म्हणून पाच महिने.

रंगुबाई: म्हैन्याला एक. मी घाई केली तर बाई म्हनल्या, भात शिजाय जेवढा येळ लागतो तेवढा लागतो, ढवळून काय व्हतंय.

मी: पाचवंही लिहिलंय चिठ्ठीत. 'पाचवं. काही मागायचं नाही. फॉर्म भरू का, असं विचारायचं नाही. कोणत्या तारखेला भरू, एवढंच विचारायचं. वाचणारे नानासो, त्यांची मुलगी यंदा दहावीला. त्यांना नमस्कार घालणे.'

रंगुबाई: बगा की.

मी: नानासोंची मुलगी दहावीला आहे, हे तिला कुणी सांगितलं?

रंगुबाई: मीच सांगितलं असंल कवातरी, बोलता बोलता. दोन वर्सं झाली असतील. ध्येनात ठेवलं.

मी: मी तिच्याबरोबर एकतीस वर्षं राहिलो. हे डोकं मला ठाऊक नव्हतं.

रंगुबाई: लिवा आता.

मी: मी?

रंगुबाई: मग काय भाऊसो लिवनार? तुमचं अक्षर फळ्यावर बगितलंय आमी स्टँडाला. एवढं वाईट न्हाई.

मी: माझ्यानं असं काही होत नाही, रंगुबाई. मी फक्त मेमो आणि वेळापत्रक लिहिलंय आयुष्यात. तुम्ही राणीकडून लिहून घ्या, चिठ्ठीप्रमाणं.

रंगुबाई: सांगितलं न्हवं का, पोरीच्या हातचं चालत न्हाई. आन् अकरा वर्सं आमच्या मालकास्नी म्हाईत हाय, आमची पत्रं मलकापूरच्या एक बाई लिवत्यात, शान्या बाई हायत. त्या घरचं पत्र आलं पायजे. आदी कच्चं लिवा. बाई आदी कच्चंच लिवायच्या.

मी: कच्चा कागद कुठं असायचा?

रंगुबाई: पांढऱ्या पिशवीतनं काडायच्या, पिशवी खुंटीवरच. एका बाजूनं कोरं असायचं.

मी: बघतो. हे तर माझे कागद आहेत. माझ्या हातचे. ही ढेबेवाडीची जुनी फेरी, त्र्याण्णवची. वेळापत्रक बदललं की जुने तक्ते रद्दीत जायचे, ते मी घरी आणायचो. ती मागायची. मला वाटायचं, फडताळात अंथरायला हवेत. मागच्या बाजूला तिचं लिहिलेलं आहे.

रंगुबाई: काय हाय?

मी: गोष्ट आहे. एक बाई आहे, ढेबेवाडीच्या गाडीत बसते, शेवटच्या थांब्याला उतरते आणि पुढं चालत जाते. ही कागलची. ही चांदोलीची. प्रत्येक तक्त्याच्या मागं त्याच गाडीचा शेवटचा थांबा. त्या थांब्याच्या पुढं काय आहे, ते.

रंगुबाई: बाई कुटं गेल्या व्हत्या ढेबेवाडीला?

मी: कुठंच नाही. माहेर वाई, सासर इथं. एवढंच तिचं फिरणं. पण मला जेवताना विचारायची. आज कुठली गाडी? शेवटचा थांबा कुठं? त्याच्या पुढं काय दिसतं? मी काहीतरी सांगायचो. एक विहीर आहे, बाजूला देऊळ आहे, मुक्कामी ड्रायव्हर तिथं अंघोळ करतो. ती विहीर इथं आहे. ड्रायव्हरसुद्धा आहे, तो गातोय. तो गातो असं मी सांगितलं नव्हतं.

रंगुबाई: ते त्यांनी घातलं असंल.

मी: चांगलं आहे ते. मला काही कळत नाही यातलं, पण मी तिथं उभा राहिल्यासारखं वाटतंय. किती आहेत हे. शेकड्यानं असतील. प्रत्येकावर कोपऱ्यात तारीख, आणि लिहिलंय, 'इस्लामपूर गेली ते पाकीट'. म्हणजे साडेनऊपासून लिहायची, ते सांगलीचं पाकीट आवरायला घेईपर्यंत. रोज पान भरलंय. थांबा. हे काय?

रंगुबाई: काय झालं?

मी: एक जूनपासून पान भरलेलं नाही. रोज चार ओळी. फक्त चार. नंतरच्या प्रत्येक तारखेला चारच.

रंगुबाई: आजारी व्हत्या का?

मी: नाही. आजारी शेवटचे दोन दिवस. एक जूनला मी तुमची गाडी अलीकडे घेतली. साडेअकराची दहा चाळीस केली.

रंगुबाई: व्हय, ती बदलली. आमाला घरनं लवकर निघाय लागतंय तवापासनं.

मी: लोकांना मिरजेची दुपारची रेल्वे गाठायची होती. अर्ज आले होते. माझा निर्णय बरोबर होता. घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, पन्नास मिनिटं? दहा-पंधरानं नाही का चालणार? मी म्हटलं, वेळापत्रक घरात बसून ठरत नसतं.

रंगुबाई: मग काय म्हनल्या?

मी: ताट वाढलं. आणि दुसऱ्या दिवसापासून चार ओळी. रेडिओचं कमी केलं नाही, पेपरचं नाही, तुमचं एक पत्र चुकवलं नाही. पन्नास मिनिटं गेली ती एवढ्याच पिशवीतून.

रंगुबाई: पन एक दिवस बी सोडला न्हाई?

मी: नाही. जूनपासून मार्चपर्यंत. दिवाळीलासुद्धा चार ओळी आहेत. अश्लेषाचं बाळंतपण होतं, घरात पाहुणे, त्या दिवशीसुद्धा. ओळी लहान आहेत, पण चार आहेत. हा शेवटचा. दहिवडी-सांगलीचा तक्ता. मागं वर लिहिलंय, 'दहिवडीच्या पुढं'. खाली काही नाही.

रंगुबाई: दहिवडीच्या पुढं तर आमचं गाव हाय.

मी: मला विचारलं होतं तिनं. मी म्हटलं, दहिवडीच्या पुढं काही नाही, माळ आहे.

रंगुबाई: काय न्हाई कसं?

मी: मला एवढंच दिसलं होतं.

रंगुबाई: दादा, रडा. मी न्हाई म्हनत न्हाई. पन पत्र लिवून मग रडा. गाडी सव्वातीनला हाय, भाऊसो कराडच्या पेटीत टाकंल, पाचला पेटी काडत्यात. आज न्हाई गेलं तर उद्या ऐतवार. मग जत्रा गाठायची न्हाई.

मी: बरोबर आहे. पिशवी आधी अडकवतो.

रंगुबाई: अडकवा. आन् खाली बसा. टेबलावर न्हाई.

मी: बसलो. लिहितो आणि वाचून दाखवतो. 'विषय, कुमारी राणी हिच्या पुढील शिक्षणाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की'

रंगुबाई: ह्यो कुनाला मेमो दिला?

मी: मला असंच येतं.

रंगुबाई: नानासो हे वाचंल आन् वीस जन मालकास्नी इचारतील, धुळा, तुला कामावरनं काडलं का रं? खोडा ते. पयलं त्यांची खुशाली इचारा. मग आमची. नानासोला नमस्कार. मी सांगते तसं लिवा, उगं सुधारू नगा.

मी: सांगा.

रंगुबाई: लिवलं? वाचा बगू.

मी: 'आम्ही इकडे बरे आहोत. तुमचा खोकला कसा आहे ते कळवा. नानासो भावजींना नमस्कार. त्यांची लेकपण यंदा दहावीला बसली, तिला पेपर कसे गेले? राणीला बरे गेले. काळी शेळी व्याली, दोन करडं आहेत. आत्याबाईंच्या गोळ्या राणी वेळेवर देते. नर्सबाईंनी साताऱ्याच्या कोर्सचा फॉर्म आणून दिला. तो तुमच्या पेटीवर ठेवला आहे. तुमच्याशिवाय कुणी हात लावला नाही. कोणत्या तारखेला भरायचा ते जत्रेला आल्यावर सांगा. रंगुबाई.'

रंगुबाई: परत वाचा. हळू. नानासो हळू वाचतो.

मी: वाचतो. तुम्ही डोळे का मिटलेत?

रंगुबाई: बाई बी मिटायच्या. मी गाळ्यात बसलीय. वाचा.

मी: असं झालं. कसं वाटलं?

रंगुबाई: एका भाकरीचं हाय. बास. पक्कं करा.

मी: रंगुबाई, दहिवडीच्या पुढं खरंच काय आहे?

रंगुबाई: आज न्हाई. आज पत्र हाय. जत्रंनंतरच्या बाजारला येते, तवा सांगते. पन घाईघाईत सांगायचं न्हाई ते. लय हाय.

(सतरा दिवसांनी. मलकापूर फाटा, चिंचेखाली. दहिवडी-सांगली गाडी उभी आहे.)

भाऊसो: साहेब, तुम्ही? तपासणी आहे का?

मी: नाही. आता माझी ड्युटी दुपारची असते. हे पाकीट सांगली केंद्राचं. तिच्या लाल पिशवीत दोन भाषणं तयार होती. रोज थोडं वाचत होतो. त्यातलं एक उतरून काढलं. मोजलं, पाच भाकऱ्या होतात.

भाऊसो: काय होतात?

मी: दहा मिनिटं. घे.

भाऊसो: द्या. बाईंच्या जागेवर ठेवतो, माझ्या सीटखाली. रंगुबाईचा निरोप आहे. जत्रा झाली. धुळा आला होता मुंबईहून. सुपारी काही फुटली नाही.

मी: काय म्हणाला तो?

भाऊसो: येताना रस्त्याभर नानासो त्याला विचारत होता म्हणे, तारीख कुठली ठरवलीस? माझ्या पोरीचा पण त्याच दिवशी भरतो. वीस जणांत विषय झाला होता. मग घरी आल्यावर धुळानं पेटीवरचा फॉर्म उचलला, उलटा-सुलटा करून बघितला आणि रंगुबाईला म्हणाला, निकालाच्या दुसऱ्या दिवशी भर. तिसऱ्या दिवशी गेलीस तर बघ.

मी: दुसऱ्या दिवशी.

भाऊसो: तारीख त्यानं दिली, त्यामुळं आता कुणाची बिशाद नाही बदलायची. रंगुबाई म्हणाली, बाईंच्या सायबाला सांग. ती खमकी आहे साहेब, बरोबर सांगायला लावलं माझ्याकडनं, दोनदा म्हणून घेतलं.

मी: भाऊसो, एक विचारायचंय. गेल्या वर्षात मी तुला किती मेमो दिले?

भाऊसो: आठ.

मी: सगळे इस्लामपूरला तीन-चार मिनिटं उशिरा पोचल्याबद्दल. लॉगशीटवर तू लिहायचास, मलकापूर फाट्यावर गर्दी. मी म्हणायचो, फाट्यावर एवढी गर्दी येते कुठून.

भाऊसो: एकच बाई असायची, साहेब. गाडी अलीकडे आली, तेव्हापासून बाई पाकीट घेऊन धावत यायच्या. गाडी उभी असली की लांबूनच हात करायच्या, जा म्हणून. आम्ही कसले जातोय. गाडीतली माणसंही काही बोलायची नाहीत.

मी: मला एका शब्दानं सांगायचंस.

भाऊसो: तिसऱ्या मेमोला म्हणालो होतो बाईंना, आता साहेबांना सांगतो. त्या म्हणाल्या, नको. त्यांचं वेळापत्रक बरोबर आहे, माझंच थोडं मागं पडतं.

मी: असं म्हणाली?

भाऊसो: हसत म्हणाल्या. चला साहेब, निघतो. आत्ताच चार मिनिटं झाली.

मी: जा. आणि ऐक, डेपोला नोटीस लागेल, पण तुला आधी सांगतो. एक तारखेपासून ही गाडी इथं परत साडेअकराला येईल.

भाऊसो: आणि मिरजेची रेल्वे? लोक ओरडतील.

मी: साडेनऊची इस्लामपूर सांगलीपर्यंत वाढवलीय. ती गाठेल. बसायला जागापण जास्त मिळेल. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

भाऊसो: मग ही साडेअकराची कुणासाठी? बाई तर आता नाहीत.

मी: मला लिहायला वेळ लागतो, भाऊसो.